थंडीतले जुलाब आणि लिटरची बाटली

दिवाळी सरली, पहाटेची थंडी अंगात शिरू लागली की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. आईच्या मांडीवर आठ-दहा महिन्यांचे मूल, खांद्यावर टॉवेल, पायाशी पिशवी आणि पिशवीत भिजलेली दुपटी. शेजारी आजी. ‘डॉक्टर, काल दुपारपासून उलट्या, अंग कोमट, आणि रात्रीपासून नुसतं पाणी होतंय,’ आई सांगते. ‘दात येत असतील,’ आजी म्हणते. मग कुणीतरी दृष्ट काढल्याचेही हळूच सांगते.

उन्हाळ्यात माशा आणि पावसाळ्यात गढूळ पाणी, म्हणून जुलाब होतात, हे आपल्याकडे सर्वांना पटलेले आहे. थंडीत मात्र मुलाला जुलाब लागले की घरातली माणसे गोंधळतात. पाणी उकळलेले, घर स्वच्छ, मूल अजून बाहेरचे काही खात नाही, तरी असे का व्हावे? आणि मग बिचाऱ्या आईच्या खाण्यात काय आले याची चौकशी सुरू होते. तिने वांगे खाल्ले का, केळे खाल्ले का! आईच्या जेवणाचा या जुलाबांशी काहीही संबंध नसतो. थंडीत, सहा महिने ते दोन वर्षे या वयात, आधी उलटी, मग ताप आणि लगोलग पाण्यासारखे जुलाब असा क्रम असला की माझ्या मनात पहिले नाव येते ते रोटाव्हायरसचे. हा विषाणू वर्षभर असतो. थंड, कोरड्या हवेत त्याचा जोर वाढतो.

दातांचेही एकदा सांगून टाकतो. दात सहाव्या-सातव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत येत राहतात. म्हणजे या वयात मुलाला काहीही झाले तरी त्या वेळी एखादा दात येतच असतो. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल मिळेल ती वस्तू तोंडात घालते, एवढाच काय तो दातांचा दोष.

हा विषाणू माणसाला दिसला तो १९७३ साली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा पेशींमध्ये गोल, चाकासारखे कण भरलेले आढळले. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. त्याआधी मुलांच्या बहुसंख्य जुलाबांचे कारण डॉक्टरांनाच सापडत नसे. लस येण्यापूर्वी जगातले जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी या विषाणूच्या तावडीत सापडत असे, मग ते अमेरिकेतले असो की आपल्या तालुक्यातले. फरक पुढे पडत असे. तिकडचे मूल दोन दिवस रुग्णालयात राहून घरी जाई, इकडचे कधी कधी जात नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१३ या एका वर्षात रोटाव्हायरसने जगात सुमारे २ लाख १५ हजार बालके दगावली. त्यांपैकी सुमारे ४७ हजार भारतातली होती.

स्वच्छता राखूनही हा रोग का होतो, हा प्रश्न रास्त आहे. आजारी मुलाच्या एक ग्रॅम शीमध्ये हे विषाणू अब्जावधी असतात आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला त्यांतले थोडेसेच पुरतात. हातावर ते काही तास आणि खेळण्यांवर, पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या कडीवर काही दिवस टिकतात. मुलाची शी काढून कुणी नुसत्या पाण्याने हात धुतले आणि दुसऱ्या मुलाला कडेवर घेतले, तरी काम झाले. म्हणून हात साबणाने धुवावेत, दुपटी वेगळी धुवावीत, दुधाची बाटली घरातून हद्दपार करावी, हे सारे मी सांगतोच. त्याने धोका कमी होतो. पण ज्या घरातले मूल आजारी पडले त्या घरातल्या बाईला ‘तू घाण ठेवतेस’ असे कुणी म्हणू नये, हेही मी तितक्याच आवर्जून सांगतो.

आता हा विषाणू पोटात जाऊन करतो काय, ते समजून घेऊ. ते समजले की उपचार आपोआप समजतो. लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग टर्किश टॉवेलासारखा असतो. टॉवेलावर जसे बारीक धागे उभे असतात तसे आतड्यात बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस आणि पाणी शोषून घेण्याचे काम त्यांच्या टोकांवरील पेशी करतात. रोटाव्हायरस नेमका या टोकांवरच्या पेशींत शिरतो आणि त्यांचा नाश करतो. टॉवेलाचे धागे झडले की तो पाणी टिपेनासा होतो, तसेच आतड्याचे होते. शिवाय हा विषाणू एक विषारी प्रथिन तयार करतो, त्यामुळे आतड्यातून उलट पाणी बाहेर येऊ लागते. झडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी यायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस, म्हणजे साधारण तीन ते आठ दिवस, जुलाब होत राहतात. आपण कोणतेही औषध दिले तरी ते ठरलेला वेळ घेतात. आपल्या हाती एकच गोष्ट असते : जितके पाणी आणि क्षार शरीरातून जातील तितके परत भरत राहणे.

पण आतडे पाणी शोषत नाही तर पाजून उपयोग काय? यातच एक मोठी गंमत आहे. साखर (ग्लुकोज) आणि मिठातले सोडियम ही जोडी योग्य प्रमाणात आतड्यात आली की ती दोघे एकाच दारातून आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. आजारी आतड्यातही हे दार बऱ्याच अंशी उघडे राहते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत तयार करून आयाबायांच्या हाती दिले. ‘पाजत राहा’, एवढीच सूचना. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शंभरात सुमारे तीसवरून चारच्याही खाली आले. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी ती हीच. २००२ पासून तिच्यातले मीठ आणि साखर थोडी कमी केली आहे, त्यामुळे आता ती मुलांना अधिक मानवते.

ही पुडी कशी कालवायची हे मी प्रत्येक आईला करून दाखवतो. त्यामागे एक प्रसंग आहे आणि त्यात चूक माझी होती.

१९९६ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी नवा होतो, बाहेर चाळीसेक रुग्ण बसले होते. नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन एक तरुण बाई आली. मुलगी हसत होती, तोंड ओले होते, फारसे काही बिघडलेले नव्हते. मी दोन पुड्या हातात दिल्या आणि म्हणालो, ‘पाण्यात मिसळून पाजत राहा.’ आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाई धावत आली. मुलीला आकडी आली होती. अंगाची कातडी कणकेच्या गोळ्यासारखी लागत होती, आणि शुद्धीवर येताच मुलगी पाण्यासाठी किंचाळत होती. कितीदा पाजले, कसे पाजले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं. पुडी फुलपात्रात कालवली आणि सारं पाजलं. दोन्ही पुड्या संपवल्या.’

एक लिटर पाण्याची पुडी तिने एका फुलपात्रात कालवली होती. म्हणजे साधारण पाचपट खारट पाणी त्या पोरीच्या पोटात गेले होते आणि रक्तातले सोडियम धोक्याच्या पलीकडे चढले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात दोन दिवस सावकाश, थेंबाथेंबाने ते उतरवावे लागले. मुलगी वाचली. त्या बाईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, उलट ‘माझंच चुकलं’ असे म्हणत राहिली. पण तिला लिटर म्हणजे किती हे मी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक लिटरची रिकामी बाटली असते. आता तर बाटलीबंद पाण्याची लिटरची बाटली कोणत्याही घरात सापडते. ती स्वच्छ धुवावी, उकळून गार केलेल्या पाण्याने गळ्यापर्यंत भरावी, ते पाणी पातेल्यात ओतावे आणि त्यात पुडी एकदम, पूर्ण रिकामी करावी. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवायची नाही. वरून साखर घालायची नाही, दुधात कालवायची नाही, कालवल्यावर उकळायची नाही. हे पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. बाजारात २०० मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर किती पाण्यासाठी आहे ते वाचल्याशिवाय ती फोडूच नये. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे.

पुडी नसेल आणि रात्र असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा सपाट हवा, शिगोशिग नको. चव घेऊन पाहावी. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ते ओतून द्यावे आणि पुन्हा करावे. भाताची मीठ घातलेली पेज आणि ताकही चालते. शीतपेये, डब्यातले फळांचे रस आणि ग्लुकोजचे नुसते पाणी यांत साखर फार आणि मीठ नगण्य असते. ती साखर आतड्यात पाणी खेचून घेते आणि जुलाब वाढतात. औषधांच्या दुकानात मिळणारी काही गोड पेये बरीच वर्षे नावात ओआरएस हा शब्द मिरवीत होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना तो शब्द वापरण्यास मनाई केली. तोपर्यंत किती आयांनी ती पेये विश्वासाने पाजली असतील कोण जाणे!

पाजायचे किती? दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. वाटी-चमच्याने पाजावे. ‘डॉक्टर, पाजलं की ओकतो,’ ही तक्रार हमखास येते. मूल तहानेले असते आणि घटाघट पिते, म्हणून ओकते. ओकले तर दहा मिनिटे थांबावे आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. काम कंटाळवाणे आहे, कबूल. पण घरात आजी, आत्या, मोठी बहीण असतेच, आळीपाळीने करावे. बापानेही चमचा हातात घ्यायला हरकत नाही.

अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. ‘पोट रिकामं राहिलं की जुलाब थांबतील’ ही समजूत मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. पोट रिकामे राहिले तर झडलेल्या पेशी नव्याने उगवायला लागणारा माल कुठून येणार? सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, केळे असे थोडेथोडे पण वारंवार द्यावे. वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे.

झिंकच्या गोळीविषयी लोकांना कमी माहिती आहे. ती जुलाबाचे दिवस कमी करते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा संभव घटवते. दोन ते सहा महिन्यांच्या मुलाला १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांनंतर २० मिलिग्रॅम, रोज एकदा, चमचाभर दुधात किंवा पाण्यात विरघळवून. जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायची. ही गोळीही आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

बाकीच्या औषधांबद्दल लिहिताना मला माझ्याच जुन्या चिठ्ठ्या आठवतात. पूर्वी मीही प्रत्येक जुलाबाला एक प्रतिजैविक लिहीत असे. चिठ्ठीत दोनच ओळी असल्या तर रुग्णाला डॉक्टर कच्चा वाटतो, हे त्यामागचे खरे कारण. प्रतिजैविके जंतूंवर चालतात, विषाणूंवर नाही. शीमध्ये रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्यांची गरज असते. जुलाब ‘बांधणारी’ गोळी तर लहान मुलाला कधीच देऊ नये. तिने आतड्याची हालचाल मंदावते, पाणी पोटात साचते, पोट फुगते, आणि वरून मात्र जुलाब थांबल्यासारखे दिसते. जायफळ उगाळून चाटवण्याची आपली जुनी पद्धतही या वेळी नको. जायफळाने मूल गुंगते, आणि मग ते औषधाने झोपले आहे की पाणी कमी पडून मलूल झाले आहे हे मलाही ओळखता येत नाही.

‘एक बाटली लावाच,’ असा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच सांगतो की सलाइन म्हणजे मिठाचे पाणी. त्यात ताकद नसते. मूल पिऊ शकत असेल तर पुडीचे पाणी तेच काम करते, शिवाय त्यात पोटॅशियम असते, आणि त्याला सुई लागत नाही. पण मूल पिऊ शकत नसेल तर मात्र सलाइनला पर्याय नाही आणि तेव्हा एक तासही दवडायचा नसतो.

ती वेळ आली हे ओळखायचे कसे? इथे मी आजीबाईंची बाजू घेतो. ‘टाळू बसली’ असे आपल्याकडे म्हणतात. आजी बाळाच्या डोक्यावर हात फिरवते आणि तिला टाळूला खळगा लागतो. तिचे निदान शंभर टक्के बरोबर असते : शरीरातले पाणी कमी झाले की टाळू खाली जाते. चूक होते ती पुढे. तेल थापून टाळू भरण्यात किंवा तोंडात बोट घालून टाळू उचलण्यात दिवस जातो. टाळू वर येते ती पोटात पाणी गेल्यावर. तेव्हा आजीने टाळू पाहावी आणि लगेच मुलाला घेऊन निघावे.

टाळूबरोबर डोळे पाहावेत, ते खोल गेलेले दिसतात. रडताना अश्रू येत नाहीत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली जाते. सुरुवातीला मूल चिडचिडे होते आणि अधाशासारखे पाणी पिते. त्याला आरोग्य केंद्रात नेऊन चार तास देखरेखीखाली पाजले तर बहुधा निभावते. पुढच्या पायरीवर ते चिडणेही सोडते. हाक मारली तर डोळे उघडत नाही, चमचा लावला तर ओठ हलवत नाही. ‘आता शांत झोपलंय’ असे घरच्यांना वाटते. ही झोप सर्वांत वाईट. अशा मुलाला रात्र असो, पाऊस असो, वाहन मिळेल त्याने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि वाटेत घोट घेत असेल तर पाजत राहावे.

एक नवी अडचण डायपरची आहे. पाण्यासारखी शी त्यात शोषली जाते आणि आईला वाटते की मुलाला भरपूर लघवी होते आहे. जुलाबाच्या दिवसांत जुने सुती लंगोटच बरे. सहा तासांत लघवी झाली नाही तर मुलाला दाखवावे.

आता लशीविषयी. पहिली लस १९९८ साली अमेरिकेत आली आणि वर्षभरातच मागे घेतली गेली, कारण ती दिल्यावर काही थोड्या बालकांत आतड्यात आतडे शिरण्याचा विकार आढळला. नंतरच्या लशी हा अनुभव ध्यानात ठेवून हजारो बालकांवर पारखल्या गेल्या. आपली देशी लस दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बालकांत सापडलेल्या एका सौम्य विषाणूपासून बनली. त्या बालकांना संसर्ग होता, पण जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांनी हा धागा सोडला नाही. पुढे जी मोठी चाचणी झाली तिच्या तीन केंद्रांपैकी एक आपल्या पुणे जिल्ह्यात होते. २०१६ साली चार राज्यांत ही लस सरकारी कार्यक्रमात आली. महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाव्हायरसची लस मोफत मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसाला, पेंटा आणि पोलिओबरोबर ती तोंडातून दिली जाते. सुई नाही. पहिला डोस चुकला असेल तर वर्षाच्या आत तो सुरू करता येतो. लशीच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायला काहीच आडकाठी नाही.

आतड्यात आतडे शिरण्याचा विकार लशीवाचूनही काही मुलांना होतो. आपल्याकडच्या लशींनी तो वाढल्याचे पाहणीत दिसलेले नाही. तरी खूण माहीत असावी : मूल थांबून थांबून कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, हिरवट उलटी होते, शीमध्ये रक्तमिश्रित शेंब पडतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

१९९६ ची ती मुलगी आता स्वतः आई आहे. मागच्या महिन्यात ती तिच्या अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. जुलाबाचा दुसरा दिवस होता. लसीकरणाचे कार्ड तिने टेबलावर ठेवले आणि जरा रागानेच विचारले, ‘तिन्ही डोस दिलेत, मग हे कसं झालं?’ मी तिला सांगितले की ही लस सगळे जुलाब थांबवत नाही. जुलाब इतर अनेक जंतूंनीही होतात. आणि रोटाव्हायरसच्याही तीव्र आजारापासून ती पहिल्या वर्षात शंभरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना वाचवते. उरलेल्यांसाठी पुडी आहेच. तिचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. पण मुलाची टाळू समपातळीत होती, जीभ ओली होती, आणि तो माझा स्टेथोस्कोप ओढत होता. पाणी कशात कालवलेस, असे मी विचारले, तेव्हा तिने पिशवीतून लिटरची बाटली काढून दाखवली. झिंकची गोळी मात्र तिने एकच दिली होती. उरलेल्या तेराही द्यायला सांगून मी तिला घरी पाठवले.